कातकरवाडीतलं पहिलं घर : प्रकल्प नोंदी, दापोली तालुका

१२ नोव्हेंबर २०२४

जागा ठरली, दोरी मारून आखणीही झाली. वाडी समुद्रापासून थोडी आत, सड्याच्या, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठाराच्या, उतारावर आहे. पहिलं घर पाच माणसांचं: आजी, मुलगा, सून आणि दोन नातवंडं. जागेचा कागद नवराबायको दोघांच्या नावावर आहे. या सगळ्या कामातली सर्वांत मोठी गोष्ट हीच. कितीतरी कातकरवाड्या अजून दुसऱ्याच्या जमिनीवर उभ्या आहेत, आणि पायाखालची जमीन आपली नसली की माणूस साधी मेढ रोवतानाही दहादा विचार करतो.

पैसा पीएम-जनमन योजनेतला. कातकरींसारख्या आदिम जमातींसाठीची ही केंद्राची योजना नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. घरामागे २ लाख रुपये मिळतात, शौचालयाचे १२ हजार वेगळे. घर किमान २५ चौरस मीटरचं हवं, स्वयंपाकाची जागा धरून. शिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी घराच्या कामाला लावता येते, यंदाचा दर २९७ रुपये.

पैसे अपुरे आहेत, पण त्याहून मोठी अडचण हंगामाची आहे. कोकणात बांधकाम चालतं दिवाळी ते मे. नेमक्या याच महिन्यांत कातकरी कुटुंबं मुकादमाची उचल घेऊन कोळसाभट्ट्यांवर, वीटभट्ट्यांवर गेलेली असतात. मग घर ठेकेदार बांधतो. कुटुंब पावसाच्या तोंडावर परत येतं आणि किल्ली हातात घेतं. तीन-चार पावसाळ्यांनी स्लॅब पाझरायला लागला की पाणी कुठून येतंय, त्यावर काय करायचं, हे घरात कुणालाच ठाऊक नसतं. अशी घरं मी पाहिली आहेत. वर स्लॅब आहे, त्याखाली ताडपत्री बांधलेली आहे, आणि ताडपत्रीखाली माणसं झोपली आहेत.

म्हणून आमची कसोटी एकच ठरवली आहे. घराचं जे काही बिघडेल, ते या कुटुंबाला स्वतःच्या हातांनी आणि गावात मिळणाऱ्या सामानानं नीट करता आलं पाहिजे. त्यासाठी बांधताना ती माणसं इथे हवीत. यंदा मुलानं उचल घेतलेली नाही. रोजगार हमीची मजुरी वेळेवर खात्यात पडणं म्हणूनच सिमेंटच्या गोणीइतकं महत्त्वाचं आहे. हजेरीपत्रक दर आठवड्याला मी स्वतः पाहणार.

२४ नोव्हेंबर

भिंती कशाच्या, यावर खळ्यात बसून बोलणं झालं. माझ्या मनात कारवीचा कूड होता, म्हणजे कारवीच्या काठ्यांवर माती लिंपलेली भिंत. कूड हलका असतो, स्वस्त असतो, धक्का बसला तरी माणसाच्या अंगावर कोसळत नाही. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला तेव्हा जड दगडमातीच्या भिंतींनी माणसं मारली. चिपळूणकडचे म्हातारे अजून त्या पहाटेबद्दल बोलतात. पण सुनेनं पहिल्याच वाक्यात सांगितलं, "दादा, कूड नको. कुडातच आलो, कुडातच म्हातारं व्हायचं का?" आजी म्हणाली, "गावात सगळ्यांची चिऱ्याची. आमचं पण चिऱ्याचं करा."

यावर वाद घालायचा मला काही अधिकार नाही. कुडाचं कौतुक ज्याला निवड करता येते त्यानं करावं. ज्यांच्या कुडावरून त्यांची जात ओळखली गेली, त्यांना पर्यावरणाच्या नावानं पुन्हा कुडात बसवणं हा अन्याय आहे. सन्मानाचं घर म्हणजे आधी राहणाऱ्याला ज्याची लाज वाटत नाही ते घर.

आणि चिरा, म्हणजे खाणीतून कापलेला जांभ्या दगडाचा ठोकळा, हे उत्तरही चांगलं आहे. तो भाजावा लागत नाही. खाण वाडीपासून हाकेच्या अंतरावर नसली तरी तालुक्यातच आहे, आणि गावातला कुठलाही गवंडी चिऱ्याचं काम करतो. भिंती चिऱ्याच्या, जोतं काळ्या दगडाचं, दर्जांना, म्हणजे चिऱ्यांमधल्या सांध्यांना, चुना, वर कौलं. बांबू छपरात.

८ डिसेंबर

चिरेखाणींवर गेलो. मुलगा आणि मिस्त्री बरोबर होते.

बेसाल्टवर, म्हणजे काळ्या दगडावर, लाखो पावसाळे पडून त्यातलं धुऊन जाण्याजोगं सगळं वाहून गेलं, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली, तो हा जांभा. खाणीत ओला असताना करवतीला मऊ लागतो, हवा लागली की कठीण होतो. म्हणून ताजा चिरा लगेच भिंतीत घालत नाहीत, रचून ठेवून वाळू देतात. खाणमालकाला घाई असते, गाडी भरून मोकळं व्हायचं असतं. आपण घाई करायची नाही.

मिस्त्री चिऱ्यावर हातोडी मारून आवाज ऐकतात. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर बाजूला. त्याच्या जोडीला आम्ही पाण्याची परीक्षा केली: सुका चिरा तोलायचा, एक दिवस-रात्र पाण्यात बुडवायचा, पुसून पुन्हा तोलायचा. आयएस ३६२० या भारतीय मानकाप्रमाणे जांभ्याच्या चिऱ्यानं आपल्या वजनाच्या १२ टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिऊ नये, आणि दर चौरस मिलिमीटरला किमान ३.५ न्यूटन दाब सोसावा. पहिल्या खाणीतला चिरा आठव्या हिश्श्याहून जास्त पाणी प्यायला. पिवळसर मातीच्या गाठीही दिसत होत्या. तो नको. दुसऱ्या खाणीतला २८ किलोचा चिरा साडेतीस किलो भरला, म्हणजे नऊ टक्क्यांच्या आत. तो घेतला. मुलाला आता ही परीक्षा येते, आणि पुढच्या घरांचे चिरे तोच तपासणार आहे.

एक गोष्ट मनाला लागून राहिली. खाण खोल गेली की सडा कायमचा जातो. पावसात या सड्यांवर जी फुलं येतात ती दुसरीकडे येत नाहीत, आणि रत्नागिरीच्या सड्यांवरची कातळशिल्पं तर गेली की गेलीच. जांभा जवळचा आहे म्हणून तो फुकटचा नाही. त्यामुळे आतल्या आडभिंतींना नवे चिरे घ्यायचे नाहीत असं ठरवलं. तालुक्यात जुनी घरं पाडून स्लॅबची घरं होताहेत. ज्या जुन्या भिंती मातीत किंवा चुन्यात बांधल्या होत्या, त्यांचे चिरे आख्खे निघतात आणि पुन्हा वापरता येतात. सिमेंटमध्ये बांधलेली भिंत पाडली की सांधा सुटत नाही, चिराच फुटतो. चुना निवडण्याचं माझ्या लेखी हे सर्वांत मोठं कारण आहे.

५ जानेवारी २०२५

पाया भरला. जोतं अडीच फूट घेतलं. मिस्त्रींना दीड पुरेसं वाटत होतं, पण इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि उतारावरून आलेलं पाणी घराच्या पाठीला लागतं. पाठीमागे चर काढून तो ओहोळाला जोडला. जोत्याला काळा दगड, कारण जांभा जमिनीतली ओल वर ओढतो आणि काळा दगड तितकी ओढत नाही.

चुनकळी, म्हणजे भाजलेल्या चुनखडीचे खडे, विरवायला घातली. कळी पाण्यात टाकली की पाणी खदखदायला लागतं, म्हणून मुलांना लांब ठेवलं आणि काम करणाऱ्यांना चष्मे दिले. विरलेला चुना आता खड्ड्यात पाण्याखाली मुरत राहील. जितका मुरेल तितका लोण्यासारखा होईल. पूर्वी खाडीकाठी शिंपले भाजून चुना करायचे. आता कळी बाहेरून आणावी लागते. मिश्रण एक भाग चुना, एक भाग सुर्खी, दोन भाग वाळू. नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, आणि कोकणातल्या दमट हवेत फारच सावकाश. भाजलेल्या विटेची पूड, म्हणजे सुर्खी घातली की तो ओलाव्यातही धरतो.

चुना भाजतानाही धूर होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पण चुना सुमारे ९०० अंशांवर भाजतो, सिमेंटचा क्लिंकर १४५० अंशांवर. आणि भाजताना चुनखडीतून गेलेला कार्बन डायऑक्साइड चुना भिंतीत राहून बराचसा परत घेतो.

वाळूवरून थोडं वाजलं. खाडीची वाळू निम्म्या भावात दारात येत होती. ती घेतली नाही. तिच्यातलं मीठ पुढे भिंतीवर पांढरं फुटतं, आणि लोखंड असेल तिथे लोखंड खातं. गंजलेली सळई फुगते आणि भोवतीचं काँक्रीट आतून फोडते. किनाऱ्यावरच्या किती स्लॅबांचं हेच झालं आहे.

१९ जानेवारी

बांबू आला. माणगा, सिंधुदुर्गातला. आतून जवळजवळ भरीव, सरळ, बिनकाट्याचा. सावंतवाडी-कुडाळकडे शेतकरी तो बांधावर लावतात. २०१७ च्या दुरुस्तीनंतर वनाबाहेरचा बांबू कायद्यानं झाड राहिलेला नाही, त्यामुळे तोडीच्या आणि वाहतुकीच्या परवान्यांचा जाच कमी झाला.

बांबूला किडा लागतो तो त्यातल्या पिठूळ अंशासाठी. जुनी माणसं पावसाळ्यानंतर, अंधाऱ्या पंधरवड्यात तोडायची आणि वाहत्या पाण्यात दाबून ठेवायची. शिवाय घरात चूल असे. तिचा धूर वर्षानुवर्षं वाशांना लागे आणि किडा फिरकत नसे. आता गॅस आला. सुनेच्या फुफ्फुसांसाठी ते चांगलंच झालं, पण छपराची राखण गेली. म्हणून बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बांबू बुडवून ठेवले. पेरांमधून आधी भोकं पाडली, म्हणजे औषध आत जातं. बोरॉन पाण्यानं धुऊन जातं, त्यामुळे असा बांबू पावसात उघडा ठेवायचा नाही. छपराखाली, कौलांच्या आड, तो टिकतो.

आता एप्रिलपर्यंत सावलीत उभे करून वाळवायचे.

१६ फेब्रुवारी

चौकट बसली, पूजा झाली. भिंती खिडकीच्या तळापर्यंत आल्या. नऊ इंची भिंत, कोपऱ्यात प्रत्येक थराला चिऱ्याची गुंफण.

सून दर्जा भरायला शिकली. पहिल्या दिवशी मिस्त्रींनी करणी द्यायला खळखळ केली. आज तिच्या हातची पूर्वेकडची भिंत त्यांनी मला बोलावून दाखवली. दर्जा थोडी आत दाबलेली, कडा चिऱ्याला घट्ट बसलेली, कुठे फट नाही. बाहेरून गिलावा करायचा नाही. जांभ्यावर सिमेंटचा गिलावा काही वर्षांत पोकळ होतो, त्यामागे ओल अडकते आणि पापुद्रे सुटतात. उघडा चिरा, चुन्याच्या दर्जा. जिथे दर्जा खचेल तिथे खरवडून पुन्हा भरायची, आणि ते करणारी माणूस आता घरातच आहे.

१७ मार्च

शिमगा. गावात पालखी आहे, कामाला कुणी नाही, आणि असूही नये.

३० मार्च

पाडवा. लिंटेलच्या पातळीवरचा, म्हणजे दारं-खिडक्यांच्या डोक्यावरचा, काँक्रीटचा पट्टा काल भरला. चारही भिंतींवरून सलग फिरतो, आतल्या आडभिंतीवरूनसुद्धा. धक्का बसला तर भिंती एकमेकींपासून सुटत नाहीत. एवढ्या कामाला सिमेंट आणि सळई लागतेच, तिथे हट्ट नाही. साध्या घराला ७५ मिलिमीटर जाडीचा पट्टा चालतो, पण आयएस ४५६ प्रमाणे किनारी हवेत सळईवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचं आवरण हवं आणि काँक्रीटची प्रतही एम-३०. म्हणून पट्टा १५० मिलिमीटरचा केला, सळई मधोमध. पट्ट्यातूनच जस्त चढवलेल्या लोखंडी पट्ट्या वर काढून ठेवल्या आहेत. छपराची पाटी, म्हणजे वासे टेकतात ते भिंतीवरचं आडवं लाकूड, या पट्ट्यांनी बांधायची.

पाहणीला आलेल्या साहेबांनी विचारलं की स्लॅब का नाही. योजनेत स्लॅबची सक्ती नाही. केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानंच प्रदेशानुसार घरांचे नमुने 'पहल' या नावानं प्रसिद्ध केले आहेत, आयआयटी दिल्ली आणि संयुक्त राष्ट्रांच्या यूएनडीपीबरोबर. त्यांना ते दाखवलं. त्यांनी शांतपणे वाचलं, पट्ट्याचं माप घेतलं, फोटो काढला, आणि हप्त्याचा कागद पुढे सरकला.

१३ एप्रिल

छपर. यावर सविस्तर लिहायला हवं, कारण कोकणातलं घर छपरावरच जगतं किंवा मरतं.

दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. पावसासाठी पाखं भिंतीबाहेर चांगलं लांब यायला हवं, म्हणजे पागोळी भिंतीपासून दूर पडते, चिरा भिजत नाही, चुना टिकतो. पण वाऱ्याला तेच लांब पाखं हवं असतं. खालून वारा शिरतो आणि सगळं छपर उचलतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूनं आत आलं तेव्हा दापोली-मंडणगडात हेच झालं. आजीच्या तेव्हाच्या घराचे पत्रे कलमांच्या बागेत सापडले होते.

उपाय जुन्याच घरांत आहे, फक्त नीट पाहायला हवा. पडवीचं छपर वेगळं, खालच्या पातळीवर, स्वतःच्या खांबांवर. मुख्य छपराचं पाखं बेताचं ठेवायचं, पुढचा पाऊस पडवीनं झेलायचा. वादळात पडवी गेली तर जाऊ दे, घरावरचं छपर राहतं. सुतारकाकांना आधी मी एकसलग छपर मागतोय असं वाटलं होतं. हे ऐकल्यावर म्हणाले, "मग आमच्या वडलांनी असंच केलं की." केलं होतंच. मधल्या काळात एकसलग पत्र्यांनी ते मोडलं.

आढं आणि तुळया पाडकामातल्या, जुन्या ऐनाच्या लाकडाच्या. वासे माणग्याचे. रिपा मात्र कापीव लाकडाच्या, कारण बांबूच्या रिपांवर कौल डोलतं. हा काकांचा आग्रह होता आणि तो बरोबर आहे. बांबूत खिळा मारायचा नाही, फाटतो. भोक पाडून बोल्ट घालायचा, वर तारेचा वेढा.

कौलं मंगलोरी, जुनी. मंगळुरात बासेल मिशननं १८६५ मध्ये कारखाना काढला आणि तिथून ही कौलं किनाराभर पसरली. आमच्या ढिगातही काही कौलांवर जुन्या कारखान्यांचे शिक्के आहेत. भाजलेलं चांगलं कौल शंभर वर्षं टिकतं. ते दुसऱ्या घरावर चढवण्यापेक्षा स्वस्त आणि निर्मळ बांधकाम साहित्य मला माहीत नाही. पाख्याच्या टोकाच्या ओळी आणि कडेच्या ओळी तारेनं रिपेला बांधायच्या. वारा पहिला हात तिथेच घालतो.

पत्रा सोपा होता, वाडीत सगळे तेच म्हणत होते. पण मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी तान्हं मूल झोपत नाही, आणि आषाढात पत्र्यावर पाऊस लागला की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही. नातवंडांना अभ्यास करायचा आहे.

२६ मे

वीस तारखेपासून पाऊस. मान्सूनपूर्व म्हणता म्हणता थांबलाच नाही. २४ तारखेला दुपारी कमी दाबाचं क्षेत्र तीव्र होऊन रत्नागिरी आणि दापोलीच्या मधूनच किनाऱ्यावर आलं. काल मान्सून महाराष्ट्रात दाखल झाल्याचं जाहीर झालं, आज तो मुंबईत आहे. तळकोकणात तो एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो.

मुख्य छपर पूर्ण होतं. पडवीचं अर्धं. पडवीवरची बांधायची राहिलेली कौलं वाऱ्यानं पाडली, दोन वासे सरकले. मुख्य छपराचं एकही कौल हललं नाही. आतला चुन्याचा गिलावा आता करायचा नाही. या हवेत तो धरणार नाही. तो ऑक्टोबरात. कुटुंब आजच राहायला आलं, गिलाव्याविना.

शौचालयाचे दोन्ही खड्डे झाले आहेत, विहिरीपासून लांब, उताराच्या खालच्या अंगाला. एक भरला की तो बंद करून दुसरा वापरायचा. बंद खड्ड्यातलं वर्ष-दीड वर्षात खत होतं आणि हातानं उपसलं तरी घाण नसते. दाराला आतून कडी आणि वर झरोका. सुनेनं कडी आधी पाहिली, बाकी नंतर.

१९ जुलै

पाहणी. भिंती आतून कोरड्या. पश्चिमेची भिंत गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत ओली, कारण तिथे पाऊस आडवा मारतो आणि पडवी नाही. मुलानं आपल्या मनानं तिथे चुडतांची झड, म्हणजे माडाच्या झावळ्यांचा आडोसा, बांधली आहे. पुढच्या घराच्या नकाशात पश्चिमेला चार फुटांची पडवी घातली.

वानरांनी कौलं फोडली. हे होणारच होतं. कोकणात लोक कौलं काढून पत्रे घालतात त्याचं मोठं कारण वानर आहेत, आणि ते कारण खोटं नाही. आम्ही जास्तीची कौलं पाठीमागे रचून ठेवली होती. मी पोहोचलो तोवर मुलानं शिडी लावून फुटलेली बदललीही होती. आजी खालून त्याला कुठलं कौल नीट बसलं नाही ते सांगत होती.

२१ सप्टेंबर

गणपतीनंतर वाडीची बैठक झाली. चार कुटुंबं बांधायला तयार आहेत. त्यातल्या दोघांना कौलं नको, वानरांचा ताप नको, पत्राच हवा. त्यांचं घर, त्यांचा निर्णय. त्यांच्यासाठी असं ठरवलं: पत्रा चालेल, पण आढ्याखाली बांबूच्या तट्ट्यांचं आच्छादन, मध्ये हवा खेळायला फट, आणि पत्रा आकड्यांनी नव्हे तर बोल्ट-वॉशरनी वाशाला, वासा जस्त चढवलेल्या पट्टीनं पाटीला. उष्मा आणि आवाज दोन्ही पुष्कळ कमी होतील. बाकी चिरा, चुना, पट्टा, वेगळी पडवी तसंच.

दर्जांचं काम सून करणार आहे, तिला गवंड्याचा रोज मिळेल. मिस्त्रींनीच तो दर सुचवला. रोजगार हमीचा दर यंदा ३१२ झाला आहे. मुकादम दसऱ्याच्या आधी वाडीत येतो, त्यामुळे चारही घरांची मागणीपत्रं या आठवड्यातच ग्रामपंचायतीत द्यायची आहेत. चुनकळीची ऑर्डर दिली. पाऊस ओसरला की चुन्याचे खड्डे आधी, पाया नंतर. नव्या घरांचा चुना मुरायला दोन महिने हवेत. पहिल्या घराचा आतला गिलावा दिवाळीआधी.